नुसते ओठ हलवू नका

सप्रेम नमस्कार. मी ५८ वर्षांची, बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या महिला भजनी मंडळात २० वर्षं आहे. दीड वर्षापूर्वी मालक गेले. तेव्हापासून एकादशीचं भजन एवढाच माझा आधार आहे. पण आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. वरचा सूर लागत नाही, आणि काही ओळींना गळा भरून येतो, मग मध्येच थांबावं लागतं. गेल्या श्रावणात भजन स्पर्धेत आमचा नंबर गेला. परीक्षक म्हणाले, मागून एक आवाज सुटा पडतोय. तो माझाच होता. आता आमच्या प्रमुख बाई मला म्हणतात, "काकू, तुम्ही टाळ वाजवा आणि नुसते ओठ हलवा." त्या वाईट नाहीत, मंडळासाठी खूप राबतात. मी ओठ हलवते आणि घरी येऊन रडते. सुनेनं माझा एक अभंग मोबाईलवर रेकॉर्ड करून मला ऐकवला, तर आवाज माझा मलाच ओळखू येईना. लाज वाटली. गाणं हीच माझी प्रार्थना होती. बेसूर प्रार्थना देवापर्यंत पोहोचते का? की गाणं सोडून नुसती माळ ओढू?
— एक टाळकरीण

ताई,

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. पोहोचते. माळ ओढा, पण गाणं सोडू नका. आणि ते ओठ हलवणं आजपासून बंद करा.

हे शेवटचं मी जरा जोर देऊन सांगते आहे, कारण तुमच्या सगळ्या पत्रात चुकीची गोष्ट मला ती एकच दिसली. सूर हलला, आवाज चिरकला, ओळ मध्येच सुटली, यात खोटं काही नाही. पण विठ्ठलासमोर उभं राहून गायल्यासारखं करायचं, हे तुमच्या गळ्यालाही कळतं आणि मनालाही. म्हणून तर तुम्ही घरी येऊन रडता. गायचं नसेल तर तोंड मिटून नुसते टाळ वाजवा, त्यात काही कमीपणा नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं. ऐकणाऱ्याची पायरी खालची कधीच नव्हती.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस, रात्रंदिवस वीणा उभी. ती खाली टेकवायची नाही, म्हणून दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असत. मध्यरात्रीनंतरचा २ ते ४ चा पहारा कुणी आपणहून घेत नसे. तो गावच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे असायचा. ते बोलताना अडखळायचे, आणि सूर तर त्यांना कधी सापडलाच नाही. मी सात-आठ वर्षांची, मंडपातच आजीच्या कुशीत झोपलेली असायची. मध्येच जाग आली की ते दिसायचे. दिव्याभोवती किडे, सतरंजीवर अस्ताव्यस्त झोपलेली माणसं, आणि गळ्यात वीणा घेऊन एकटे उभे असलेले ते. एका बोटानं तार छेडत "रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी". दोनच सूर, आणि तेही रोज वेगळे. बोलताना अडखळणारे ते आजोबा त्या तीन शब्दांना मात्र एकदाही अडखळत नसत.

पहाटे ४ ला पहारा बदलायला गावातला सगळ्यात गोड गळ्याचा गवई यायचा. त्याची गवळण ऐकायला शेजारच्या गावची माणसं बैलगाडी करून येत. तो आधी त्या आजोबांच्या पायावर डोकं ठेवायचा, आणि मगच वीणा गळ्यात घ्यायचा. आमच्याकडे ही रीतच आहे, तुम्हीही पाहिली असेल. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पाया पडायचं. तो कसा गातो हे कुणी विचारत नाही. आणि त्या वीणेवर राग वाजत नाही, नुसता आधाराचा सूर घुमत राहतो. वारकऱ्यांनी सगळ्यात मोठा मान अशा वाद्याला दिला, जे हाती धरायला गवई असावं लागत नाही. यात आपल्या जुन्या माणसांचा मोठा विचार आहे असं मला वाटतं.

अभंगाचा घाटही असाच विचार करून घडलेला आहे. मोठ्या अभंगाचा एक चौक म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, एखादं अक्षर इकडेतिकडे. "भेटीलागी जीवा, लागलीसे आस, पाहे रात्रंदिवस, वाट तुझी." सहा अक्षरांना दम किती लागतो? दिवसभर खुरपून आलेली, छाती भरून आलेली बाईसुद्धा ती एका श्वासात म्हणू शकते. मग चार अक्षरांवर थांबायचं, श्वास घ्यायचा. नंतर धृपद येतं, आणि ते पुन्हा पुन्हा येतं. ज्याला अख्खा अभंग पाठ नाही तोही दुसऱ्या फेरीला धृपद उचलतो. पुढे म्हणणारे आणि मागे म्हणणारे अशा दोन बाजू असतात. एक बाजू दमली की दुसरी धरते. टाळ तर इतके दणदणीत की हळू आवाजाच्या माणसाला लाजायचं कारणच उरू नये. हे सगळं गवयांसाठी केलेलं नाही, ताई. गाता न येणाऱ्या माणसाला गाता यावं म्हणून ही सोय आहे.

आता तुमच्या त्या भरून येणाऱ्या ओळींकडे येते. तुम्ही ओळी लिहिल्या नाहीत, पण माझी अटकळ सांगू? आत्ता वर लिहिलेल्या तुकोबांच्या अभंगातच पुढे आहे, "दिवाळीच्या मुळा लेकी आसावली, पाहतसे वाटुली पंढरीची." सासरी असलेली लेक दिवाळीला माहेरचं मूळ, म्हणजे न्यायला येणारं माणूस, येईल म्हणून वाटेकडे डोळे लावून बसली आहे. ही ओळ एखाद्या बाईच्या तोंडून कोरडी निघाली तर मला नवल वाटेल. तुमचं तर माणूसच गेलं आहे. वाट पाहायची ती कुणाची, हेही तुम्हाला कळत नसेल.

या अभंगात देवाला दुसरं काही सांगितलेलंच नाही. नवस नाही, मागणं नाही, पैसाअडका नाही. चकोर चंद्राची वाट बघतो, लेक माहेरची वाट बघते, भुकेलं बाळ आईची वाट बघतं, आणि शेवटी "तुका म्हणे मज लागलीसे भूक, धावूनि श्रीमुख दावी देवा". तुम्ही हे गाता तेव्हा "मज" म्हणजे कोण? नाव तुकोबांचं आहे, पण भूक तुमची आहे. आपल्याकडची प्रार्थना अशी आहे की शब्द जुळवायची मेहनत आपल्याला करावीच लागत नाही. मालक गेल्यावर तुम्ही देवाला काय बोलणार होता? कुणालाच त्या वेळी शब्द सुचत नाहीत. देहूच्या एका माणसानं चारशे वर्षांपूर्वी ते लिहून ठेवले. त्याच्याही घरात दुष्काळात माणसं गेली होती. तुम्ही त्याच्या ओळीत आपलं दुःख ठेवता, आणि ते तिथे नीट बसतं.

मग गळा भरून आला तर करायचं काय? रडू दाबताना घसा आवळतो. तशा घशातून वरचा सूर ढकलायला गेलं की तो चिरकणारच. तेव्हा ढकलू नका. ओळ सोडून द्या. टाळ मात्र सोडू नका, हात चालू ठेवा. शेजारच्या बाया ती ओळ धरतील. एक फेरी जाऊ द्या, दोन जाऊ द्या, आणि धृपद परत आलं की त्यात शिरा. तुम्ही थांबलात तेव्हा तुमची प्रार्थना थांबत नाही, ती इतरजणी म्हणत असतात. एकट्यानं गाणाऱ्याला हे सुख नाही. मंडळात बसून गाण्याचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. एकीचा गळा बसला की बाकीच्या तिचा अभंग तडीला नेतात. आज त्यांनी तुमचा नेला, उद्या त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरी वाईट होईल, तेव्हा तुम्ही तिचा न्याल.

आणि एक विचारते, रागावू नका. ते रडू नुसतं दुःखाचंच आहे ना? की विठ्ठलाशी थोडं भांडणही आहे? असलं तर तेही गाण्यातून जाऊ द्या. माउलींच्या पालखीत मुक्कामाच्या गावी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या जमतात, शेकडो टाळ एकदम वाजत असतात. चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार आहे तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, तोड काढतात, आणि मगच ते टाळ शांत होतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. तक्रारही टाळानंच करायची! तेव्हा "मला एकटीला मागे का ठेवलंस" हे तुमच्या मनात असेल, तर ते पोटात ठेवून गोड गायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही. वाजू द्या टाळ.

आता गळ्याबद्दल. इथे मला तुमच्या पत्रावरून एक दाट शंका येते. तुम्ही बेसूर नसालच, तुमची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, चुकत असेल.

तुमचं मंडळ २० वर्षांचं आहे. पेटी कुठल्या पट्टीत लागते? बायकांच्या बहुतेक मंडळांत काळी चार किंवा काळी पाच असते (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून ही नावं). तुम्ही ३८ च्या होता तेव्हा ती ठीक होती. पाळी गेल्यानंतर बाईचा आवाज खाली उतरतो, थोडा जाड होतो. हा शरीराचा धर्म आहे, त्यात आजार नाही आणि दोषही नाही. पण पेटी तिथंच राहते आणि गळा खाली येतो. मग खालच्या ओळी छान लागतात आणि वरच्या ओळीला आवाज "सुटा" पडतो. तुम्ही नेमकं हेच लिहिलं आहे.

घरी करून बघा. सुनेला सांगून मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, फुकट मिळतं. पांढरी पाचवर लावा. तुमच्या आवडीच्या अभंगाची सगळ्यात वर जाणारी ओळ म्हणा. मान वर उचलावी लागली, गळ्याच्या शिरा ताणल्या, तर आणखी खाली या, काळी तीनवर. तिथेही ताण पडला तर पांढरी चारवर. जिथे वरची ओळ बसल्या बसल्या, मान न हलवता निघते, ती तुमची आजची पट्टी. काळी चारवरनं पांढरी पाच म्हणजे अवघा अर्धा सूर खाली, पण तेवढ्यानंही गळा मोकळा होतो. पहाटे चहाच्या आधी दहा मिनिटं खालच्या सुरात नुसता ओंकार लावा, जोर न देता. भजनाला जाताना पाण्याची बाटली जवळ ठेवा.

एवढं मात्र ऐका. आवाज नेहमीच घोगरा राहत असेल आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस झाले असतील, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या. वयामुळे असेल म्हणून घरी बसू नका. थायरॉईडचीही तपासणी करून घ्या.

त्या रेकॉर्डिंगचं मनातून काढून टाका. स्वतःचा आवाज आपण कानानं ऐकतो तसा हाडांतूनही ऐकतो, म्हणून तो आपल्याला भरीव वाटतो. मोबाईलमध्ये हाडांतून येणारा भाग नसतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपला आवाज परका आणि पातळ वाटतो. सुनेनं प्रेमानं केलं होतं, तिच्यावर रुसू नका. तिला उलट सांगा, की पुढच्या वेळी तूही म्हण माझ्याबरोबर.

स्पर्धेबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. स्पर्धा वाईट नाहीत. त्यांच्यामुळे कितीतरी बाया घराबाहेर पडल्या, पेटी शिकल्या, पखवाज शिकल्या. माझ्या आईच्या काळात बाईनं पखवाजाला हात लावला तर गाव बोलायचं. आज मुली वाजवतात, आणि उत्तम वाजवतात. रंगमंचावरचा अभंगही मला जीव की प्राण आहे. भीमसेन जोशींनी संतवाणी गावोगाव नेली, आणि ज्यांनी कधी ख्याल ऐकला नव्हता त्यांच्या घरात तो सूर पोहोचवला. पण त्या सुरामागे जन्मभराची तालीम होती. ते ऐकून ऐकून आपले कान इतके तयार झाले की देवळातल्या भजनालाही आपण तोच काटा लावायला लागलो. परीक्षकांना गुण द्यायचे असतात, त्यांनी सुटा आवाज हेरला, त्यांचं काम केलं. चूक एवढीच झाली की स्पर्धेचा तो शेरा एकादशीच्या भजनात आणला गेला. तिथे तो लागू नाही.

तेव्हा तुमच्या प्रमुख बाईंशी बोला. चारचौघींत नको, त्यांच्या घरी जा, दुपारचं, चहाच्या वेळी. त्या वाईट नाहीत असं तुम्हीच लिहिलं आहे, आणि त्यावर माझा विश्वास आहे. नंबर गेल्याचं त्यांनाही लागलं असणार. साधं बोला: "बाई, स्पर्धेला मी टाळ धरीन आणि गाणार नाही. मंडळाचं नुकसान मला नको आहे. पण ओठ हलवायला मला सांगू नका, ते मला जमत नाही. आणि एकादशीला मी गाणार." एवढंच. माफी मागू नका, आवाजही चढवू नका. मग हळूच पट्टीचा विषय काढा. पेटी अर्धा सूर उतरवून बघू का, असं विचारा. तुमच्या वयाच्या आणखी चार-पाचजणी मंडळात असतीलच. वरच्या ओळीला त्यांचीही मान वर जात असेल, फक्त त्या बोलल्या नसतील. माझा अंदाज आहे की पट्टी उतरली की तो सुटा आवाज कुठे गेला हे कुणाला कळणारही नाही.

त्यांनी ऐकलं नाही तर? तर एकादशीची संध्याकाळ त्यांची, आणि पहाटेचा काकडा तुमचा. कार्तिकात बहुतेक गावांत देवळात काकडा होतो. सूर्य उगवायच्या आत, थंडीत, शाली पांघरून जमलेल्या पंधरा-वीस माणसांत कुणाला कुणाचा सूर मोजायची शुद्ध नसते. रोजच्या हरिपाठालाही जाऊन बसा. तो सगळ्यांनी एकदम, टाळाच्या ठेक्यावर म्हणायचा असतो. त्यात पुढे कुणी नसतं आणि मागे कुणी पडत नाही.

आणि घरी रोज एक अभंग म्हणा, एकच. देवघरासमोर बसूनच म्हणायला पाहिजे असं नाही. जनाबाईनं "दळिता कांडिता, तुज गाईन अनंता" म्हटलं ते उगाच नाही. तिला बसून गायला वेळच नव्हता. भाकऱ्या थापताना म्हणा, शेवग्याच्या शेंगा सोलताना म्हणा. मालकांना आवडणारा एखादा अभंग असेल तर तो आधी म्हणा. पहिले काही दिवस तो तडीला जाणार नाही. जिथवर जाईल तिथवर म्हणा आणि उद्या तिथून पुढे.

येत्या एकादशीला अगदी मागे बसू नका. मागच्या रांगेत पेटी नीट ऐकू येत नाही, आणि म्हणूनच आवाज सुटा पडतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला बसा, जिथे कणीक लावलेलं तोंड असतं. त्याची धूम पोटापर्यंत येते, आणि त्या धुमेत खालचा सूर आपोआप मिसळतो. सुरुवातीचा "जय जय रामकृष्ण हरी" ठाय, म्हणजे संथ लयीत असतो, तेवढ्यात गळा तापवून घ्या. मग विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा रूपाचा अभंग येतो, तो हळू म्हणा. तुमची ओळ आली आणि गळा भरला, तर टाळ वाजवत राहा आणि धृपदाची वाट बघा.